खोक्यावर २२० अँपिअर, आयडलिंगला किती?

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. मोठ्या अल्टरनेटरचं (इंजिनच्या बेल्टवर फिरून गाडीची वीज बनवतो तो) जे किट आम्ही गाडीत बसवलं ते चांगलं आहे. पण त्यातल्या ज्या वस्तूला सगळ्यात कमी पैसे पडले तिनंच अर्धं काम केलं. ती म्हणजे जाड तांब्याची केबल. उरलेलं अर्धं अल्टरनेटरनं केलं, तेही गाडी उभी असताना (हेच आयडलिंग, इंजिन चालू पण रेस नाही) किंवा रांगत असताना. ज्यांची गाडी कायम मोकळ्या रस्त्यावर पळते त्यांनी नुसती केबल घ्यावी आणि अल्टरनेटरचे पैसे खिशात ठेवावेत.

ब्रँडचं नाव लिहीत नाही. कुठल्याही कंपनीचं खोकं उघडलं तरी तपासायचं तेच आहे, आणि मला विक्रेत्यांचे फोन नको आहेत.

गाडी डिझेल, जुन्या धाटणीची. अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर त्याच्या पोटातच आहे, इंजिनचा कॉम्प्युटर त्यात नाक खुपसत नाही. नव्या गाड्यांचं प्रकरण वेगळं, त्याबद्दल पुढे लिहिलंय. मूळ अल्टरनेटर १२० अँपिअरचा. बेस हा नवऱ्याचा हट्ट, उजेड हा माझा. मागे १००० वॉटचा क्लास-डी अॅम्प्लिफायर आणि सबवूफर, टपावर १८० वॉटचा एलईडी बार, बॉनेटच्या दोन कोपऱ्यांवर ४०-४० वॉटचे छोटे दिवे. रात्री कच्च्या रस्त्यानं हळूहळू जाताना हे सगळं एकदम चालू असतं. बेसचा ठोका पडला की हेडलाइट डोळे मिचकावायचे. नवऱ्याला त्यात गंमत वाटायची. मला रस्त्यातला खड्डा दिसायचा नाही.

हिशेब अवघड नाही, वॉट भागिले व्होल्ट. १००० वॉटचा क्लास-डी अॅम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षम धरला तर १३.८ व्होल्टला साधारण ९० अँपिअर खातो. पण हे पूर्ण आवाजात सलग एकच सूर वाजवला तर. गाण्यात सरासरी त्याच्या तिसरा हिस्सा, बऱ्याचदा त्याहून कमी, आणि ठोक्याला क्षणभर पूर्ण ९०. म्हणून सरासरी ३० धरा. एलईडी बारचे १३, छोट्या दिव्यांचे ६, हेडलाइटचे ९, एसीचा ब्लोअर आणि रेडिएटरचा पंखा मिळून ३० ते ३५, इंजिनचं स्वतःचं १५ च्या आसपास. बेरीज शंभराच्या थोडी वर. म्हणजे १२० चा अल्टरनेटर पुरायला हवा. कागदावर पुरतोही.

गोम अशी की तो १२० चा आकडा अल्टरनेटरचा रोटर, म्हणजे आतला फिरता भाग, मिनिटाला ६००० फेरे फिरत असतानाचा असतो. आयडलिंगला इंजिन ८०० वर असतं, आणि पुलीच्या गुणोत्तरामुळे रोटर फिरतो २००० च्या जरा खाली. तिथे गरम झालेला अल्टरनेटर छापील आकड्याच्या निम्म्याच्या आसपास देतो. आमचा ६० च्या घरात देत होता. उरलेले चाळीसेक अँपिअर बॅटरीतून जायचे. बॅटरी बिचारी रात्रभर उसनवारी करायची आणि सकाळी स्टार्टर कुरकुरायचा. त्यात बॅटरी बदलून काही होत नाही. मोठी बॅटरी घेतली की उतरायला जास्त वेळ लागतो, एवढंच.

आता किटबद्दल. खोक्यात २२० अँपिअरचा अल्टरनेटर, लहान पुली, थोडा आखूड बेल्ट, वन-ऑट मापाची केबल (म्हणजे साधारण ५३ चौरस मिलिमीटर तांबं), लग (केबलच्या टोकाला बसणारे धातूचे जोड), श्रिंक ट्यूब (तापवली की आवळणारी नळी) आणि एक फ्यूज होल्डर. केबलचे तीन तुकडे कुठे जोडायचे ते ठरलेलंच आहे. एक अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टपासून बॅटरीच्या प्लसला, दुसरा बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला, तिसरा इंजिनच्या ब्लॉकपासून बॉडीला. कंपनीच्या जुन्या वायरी काढायच्या नाहीत, त्यांच्या जोडीनंच नव्या टाकायच्या. अॅम्प्लिफायरकडे मागे जाणारी लांब केबल किटमध्ये नसते, ती त्याच जातीची वेगळी घेतली.

केबल हातात आल्यावर मी पहिल्यांदा तिचं एक टोक कापलं आणि एक बारीक तार सुट्टी केली. ब्लेडनं ती खरवडली. वरचा लालसर थर निघून खाली चांदीसारखं चकाकलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार. हिची आतपर्यंत लालच निघाली. मग लायटरच्या ज्योतीत धरली. तांबं १०८५ अंशांना वितळतं, अॅल्युमिनियम ६६० ला, त्यामुळे मुलाम्याची बारीक तार ज्योतीत लवकर लोळागोळा होते. ही नुसती लाल होऊन काळी पडली. आमची मागची जुनी केबल याच परीक्षेत सपशेल नापास झाली. दिसायला जाडजूड, पण ती जाडी निम्मी रबराची, आत मुलाम्याचं अॅल्युमिनियम. अशी केबल त्याच जाडीच्या तांब्याच्या मानानं ६० ते ६५ टक्केच वीज नेते. बेकायदा नाही, पण पाकिटावर तसं ठळक लिहिलेलं नसतं.

आम्ही मुद्दाम आधी केबल घातली, जुना अल्टरनेटर तसाच ठेवून. एकदम सगळं बदललं तर कशानं काय सुधारलं ते कळत नाही. नवऱ्याच्या हातात पाना, माझ्या हातात मीटर. मोजायची पद्धत साधी: सगळे लोड चालू करायचे, मीटर व्होल्टवर ठेवायचा, एक टोक अल्टरनेटरच्या बोल्टला आणि दुसरं बॅटरीच्या प्लसला. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेतच सांडतायत. जुन्या वायरीवर ०.४५ आले. इंजिन ब्लॉक ते बॅटरीचं मायनस आणखी ०.२५. अर्थिंगकडे, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परतणाऱ्या वाटेकडे, सहसा कुणी बघत नाही, पण करंट जितका जातो तितकाच परतही येतो. मिळून ०.७ व्होल्ट गायब. नवी केबल टाकल्यावर दोन्ही मिळून ०.१२. मागे अॅम्प्लिफायरच्या टर्मिनलवर ठोक्याला आधी ११.६ पर्यंत घसरायचं, आता १२.१. हे सगळं आयडलिंगला. इंजिन २००० आरपीएमवर धरलं की बॅटरीवर १३.७ आणि हेडलाइट एकदम शांत. म्हणजे चालत्या गाडीचा प्रश्न इथेच मिटला होता. अल्टरनेटर अजून खोक्यातच होता.

हेडलाइटची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण लोक बार लावतात आणि मूळ दिव्यांना विसरतात. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून कितीतरी वेगानं घटतो, साधारण ३.४ घाताच्या हिशेबानं. व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड ३० टक्के जातो. आमच्या बल्बच्या मागे मोजलं तर ११.६ होते, कारण कंपनीची बारीक वायर स्टिअरिंगखालच्या स्विचमधून फिरून यायची. रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) बसवले: ३० नंबरच्या पिनला फ्यूजमधून थेट बॅटरी, ८७ वरून बल्ब, आणि जुनी वायर फक्त ८६ वर रिले ओढायला, ८५ अर्थ. आता १३.३ मिळतात. हिशेबानं आधी आम्ही आताच्या ६३ टक्के उजेडात गाडी हाकत होतो. याची दुसरी बाजूही आहे. व्होल्टेज वाढलं तसं बल्बचं आयुष्य घटतं, आणि तेही झपाट्यानं: ५ टक्के जास्त व्होल्टेजला आयुष्य जवळपास निम्मं. त्यामुळे १४.५ च्या वर ढकलू नये. एलईडी बारचं उलटं आहे. त्याच्या आतला ड्रायव्हर (करंट सांभाळणारं सर्किट) उजेड कायम ठेवतो आणि व्होल्टेज पडलं की जास्त करंट ओढतो. म्हणजे आधीच दमलेल्या बॅटरीवर आणखी बोजा.

मग अल्टरनेटर. बसवायला सोपा. मूळचे बोल्ट मूळच्याच भोकांत बसले, प्लग जुळला. सोबत त्याच नगाचा चाचणीचा कागद होता, सीरियल नंबरासकट, आणि याचे मी गुण देते. २००० फेऱ्यांना ११८ अँपिअर, ६००० ला २२६. आयडलिंगचा आकडा छापणारी कंपनी निदान प्रश्न काय आहे हे ओळखून आहे. पण ती चाचणी थंड अल्टरनेटरवरची. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे गुंडाळी १०० अंशांनी तापली की रोध ४० टक्क्यांच्या आसपास वर. रोटरमधला करंट घटतो, चुंबक दुबळं पडतं, आउटपुट घसरतं. तासभर गाडी फिरवून, बॉनेटखाली हात लावता येईना अशा वेळी मी क्लॅम्प मीटर (केबलला चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) लावला. सगळं चालू, वर मागच्या काचेची तापणारी जाळीसुद्धा. आयडलिंगला १०४. कागदापेक्षा कमी, पण जुन्याच्या जवळपास पावणेदोन पट. बॅटरीवर १३.३, ठोक्याला १३ च्या खाली जात नाही. गरमचा आकडा कागदावर छापला असता तर आणखी एक गुण दिला असता.

या १०४ मध्ये लहान पुलीचा वाटा आहे, आणि तिथे थोडं थांबून विचार करायला हवा. मूळ पुली ६२ मिलिमीटर, किटची ५२. क्रँकची, म्हणजे इंजिनकडची, १५० धरा. आयडलिंगला रोटर आधी १९३५ फिरायचा, आता २३०० फिरतो. हा सगळा फायदाच. पण वरच्या टोकाला काय? आमचं डिझेल ४५०० च्या वर जात नाही, म्हणजे रोटर १३००० वर, हरकत नाही. हेच गुणोत्तर ७००० पर्यंत ओढल्या जाणाऱ्या पेट्रोल इंजिनला लावलं तर रोटर २०००० पार करेल, आणि बहुतेक अल्टरनेटरची हद्द १८००० च्या आसपास असते. किटच्या पत्रकात याबद्दल एक ओळही नाही. 'सर्व इंजिनांसाठी योग्य' असं मात्र मोठ्या अक्षरांत आहे.

लहान पुलीवर बेल्टची पकडही कमी. १०० अँपिअर म्हणजे १४ व्होल्टला १४०० वॉट. अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५ ते ६० टक्के, म्हणजे बेल्टमधून अडीच किलोवॉट खेचले जातात, तीन हॉर्सपॉवरच्या वर. पूर्ण २०० ला त्याच्या दुप्पट. सहा खाचांचा बेल्ट ते पेलतो, पण ताण नीट असेल तरच. सकाळी थंड इंजिन सुरू केल्या केल्या सगळे दिवे लावले की आमचा बेल्ट अजूनही दोन क्षण किंचाळतो. ताण वाढवून बघितला, कमी झालं, गेलं नाही. जास्त ताणायला मी तयार नाही, बेअरिंग जाईल. आता आधी इंजिन स्थिरावू देतो, मग बार लावतो.

नव्या अल्टरनेटरबरोबर स्पीकरमधून एक शिट्टीही आली. रेस दिली की सूर चढायचा, सोडली की उतरायचा. ही तक्रार किटवर घालणार नाही. करंट वाढला की अर्थच्या दोन ठिकाणांमधला फरक ऐकू यायला लागतो, आणि स्टीरिओचा अर्थ डॅशबोर्डच्या एका रंगवलेल्या स्क्रूला होता. तो खरवडलेल्या लोखंडावर नेला, सिग्नलची आरसीए वायर पॉवर केबलपासून तोडून गाडीच्या दुसऱ्या बाजूनं नेली, शिट्टी गेली. बार लावल्यावर एफएमवर येणारी खरखर अजून आहे. ती बारच्या ड्रायव्हरची देणगी.

किटमधली खरोखर टाकाऊ वस्तू म्हणजे फ्यूज होल्डर. झाकण पारदर्शक, दिसायला झकास, पण स्क्रू आवळताना धातूची पट्टीच वाकते. तासाभराच्या लोडनंतर हात लावला तर केबल कोमट आणि होल्डर चटका देणारा. जिथे गरम होतंय तिथे पकड सैल आहे. मीटर सांगायच्या आधी बोटांनी कळतं. तो काढून जाड पितळी पट्टीचा घेतला. फ्यूजबद्दल एक गैरसमज ऐकू येतो, की तो अॅम्प्लिफायर वाचवतो. तो केबल वाचवतो. गाडी ठोकली आणि केबल कुठे पत्र्यात चिमटली तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडते आणि आग लागते. म्हणून फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, आणि आकडा केबलला झेपेल एवढाच. अल्टरनेटरकडे जाणाऱ्या केबललाही बॅटरीच्या बाजूनं फ्यूज हवा. पत्रकातल्या चित्रात तो दाखवलाच नाही, आणि इतक्या मोठ्या करंटच्या वस्तूबरोबर ही चूक माफ करण्यासारखी नाही.

किटच्या 'प्लस' आवृत्तीत एक फॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून झटक्यात सोडणारा) येतो, निळ्या आकड्यांचा व्होल्टमीटर लावलेला. आम्ही घेतला नाही. १४.४ वरून १२ व्होल्टवर येताना एक फॅरडमधून ३२ ज्यूलसुद्धा पुरते निघत नाहीत. १००० वॉटच्या ठोक्याला हे एका सेकंदाच्या तिसाव्या भागात संपतात. तहानलेल्याला चमचाभर पाणी. आणि संपल्यावर तो पुन्हा भरायला त्याच अल्टरनेटरकडे मागतो. त्या पैशात चांगला क्रिम्पर (लग केबलवर दाबून बसवायचं हत्यार) भाड्यानं घ्या. लग हातोडीनं ठोकून बसवलेला आणि हायड्रॉलिक क्रिम्परनं दाबलेला यातला फरक लोडवर मीटर लावला की दिसतो. वर गोंदाची श्रिंक ट्यूब, म्हणजे ओल आत शिरत नाही.

बॅटरी आम्ही नंतर एजीएम (आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेली, बंद) घेतली. तिचा अंतर्गत रोध कमी, ठोक्याला कमी घसरते, आणि तिला १४.४ ते १४.७ चार्जिंग आवडतं. आमचा रेग्युलेटर थंड असताना १४.४ देतो, गरम झाल्यावर १३.८ वर उतरतो, तेवढं चालतं. जुनी बॅटरी जोडीला ठेवू या, असं घरात कुणी सुचवलं तर ऐकू नका. दोन वेगवेगळ्या वयाच्या बॅटऱ्या समांतर जोडल्या की नवी जुनीला पोसत बसते.

आता नव्या गाड्या. ज्यांच्या बॅटरीच्या मायनसवर एक छोटी डबी असते, ती करंट मोजणारा सेन्सर. त्या गाड्यांत कॉम्प्युटर ठरवतो की अल्टरनेटरनं किती द्यायचं. गाडी वेग कमी करत असेल तर १५ च्या आसपास, एरवी इंधन वाचवायला कधी १२.५ च्या घरात. अशा गाडीत अॅम्प्लिफायरचा अर्थ थेट बॅटरीच्या मायनस टर्मिनलला लावला तर तो करंट सेन्सरला दिसतच नाही, आणि कॉम्प्युटर चुकीच्या हिशेबावर चार्जिंग ठरवत बसतो. अर्थ सेन्सरच्या पलीकडे, बॉडीवर घ्यायचा. आणि हे किट तिथे चालणार नाही, कारण कॉम्प्युटरची भाषा बोलणारा रेग्युलेटर यात नाही. लिन बस म्हणजे कॉम्प्युटर आणि अल्टरनेटर ज्या तारेवरून बोलतात ती. विक्रेत्याला सरळ विचारा, 'लिन बसवर चालतो का?' तो गोंधळला तर पुढचं दुकान.

बसवून झाल्यावर शेजारचे एक काका मदतीला आले आणि चालू इंजिनवर बॅटरीचा लग काढायला निघाले, अल्टरनेटर वीज 'काढतोय' का बघायला. डायनमोच्या जमान्यात तसं चालून जायचं. क्रायस्लरनं १९६० च्या व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर दिला तेव्हापासून डायनमोचे दिवस भरले. अल्टरनेटर १०० अँपिअर देत असताना बॅटरी तोडली तर रोटरचं चुंबक एका क्षणात विरत नाही, व्होल्टेज दहा-वीस नव्हे, कितीतरी वर उसळतं, आणि डायोडपासून स्टीरिओपर्यंत जे सापडेल ते जळतं. काकांना म्हटलं, काका, मीटर आहे ना, हा घ्या. त्यांनी लावला, १४.४ बघितले, 'बरोबर आहे' म्हणाले.

किटला पाचापैकी साडेतीन. अल्टरनेटरला चार, केबलला पूर्ण पाच, फ्यूज होल्डरला शून्य. पत्रकाला अर्धा, चाचणीचा कागद सोबत दिला म्हणून. घेणार असाल तर आधी रात्रीचे सगळे लोड लावून आयडलिंगला बॅटरीवरचे व्होल्ट बघा. १३ च्या वर असतील तर तुम्हाला अल्टरनेटर नको आहे. १२.५ च्या खाली असतील आणि गाडी अशीच तासन्‌तास उभी राहणार असेल तर घ्या, पण पुलीचं माप विचारून, आणि पितळी होल्डर त्याच दिवशी वेगळा मागवून.